गेलेला परवा, येणारा परवा

हे सगळं कधी घडलं ते मी सांगणार नाही. मामाच्या भाषेत लिहायला बसले असते तर सांगावंच लागलं असतं. तिथे आधी साल, मग महिना, मग दिवस असं ओळीने मांडल्याशिवाय तोंड उघडायची सोय नव्हती. एवढं करूनही तो दिवस होऊन गेलाय की अजून व्हायचाय, याची शेपटी त्याला लावावी लागायची. शेपटी राहिली तर मामा वाक्य परत करायचा, वाण्याने खोटं नाणं परत करावं तसं. मी मराठीत लिहितेय. मराठीत ‘तेव्हा’ म्हटलं की भागतं. ज्याचं भागत नसेल त्याने खुशाल स्वतःची भाषा काढावी आणि चार टाळकी जमवून त्यांच्याशी बोलत बसावं. आमच्या घरात एकाने ते करून दाखवलेलं आहे.

तर तेव्हा आम्ही अंबरनाथ पूर्वेला एका बैठ्या घरात राहायचो. दोन खोल्या, पुढे ओटी, मागे मोरी. अण्णा, म्हणजे माझे वडील, कारखान्यात होते. भोंगा झाला की उठायचे, भोंगा झाला की निघायचे, आणि घरी आल्यावर त्यांना जगातल्या कुठल्याच भाषेत फारसं बोलायचं नसायचं. आई ब्लाउज शिवायची. आतल्या खोलीत तिचं मशीन सकाळपासून खडखडत असे. ते मध्येच थांबलं की समजायचं, एकतर दोरा तुटलाय नाहीतर बाहेर काहीतरी ऐकण्यासारखं चाललंय. आणि ओटीवरच्या खाटेवर मामा. आईचा धाकटा भाऊ, पस्तिशीला टेकलेला, रंगाच्या एका कंपनीत टाइमकीपर. नोकरी लागली की खोली बघतो, असं सांगून आमच्याकडे आला होता. नोकरी लागली, पुढे कायमही झाली, खोली मात्र त्याने कधी बघितली नाही. विचारलं की म्हणायचा, ‘विचार चालू आहे.’ मामाचा कुठलाही विचार कधी बंद झाल्याचं मला आठवत नाही.

कोणता माणूस किती वाजता आत आला आणि किती वाजता बाहेर गेला, हे दिवसभर लिहून लिहून त्याच्या डोक्यात बसलं होतं की जगातली सगळी भांडणं भाषेच्या ढिलाईमुळे होतात. कंपनीत मराठी, हिंदी, तेलुगू, भोजपुरी, सगळ्या बोलीची माणसं. एक म्हणतो काल, दुसरा म्हणतो कल, आणि रजा कोणाची कधी ते कोणालाच कळत नाही. तेव्हा एकच भाषा हवी, कोणाचीही नसलेली, एकही अपवाद नसलेली. ती मामाने बनवली आणि तिचं नाव ठेवलं ‘सरला’. ओटीच्या खांबाला पाटी ठोकली: ‘येथे सरला शिकवली जाते.’ समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू आईला विचारायला आल्या, ‘काय हो, ही सरला कोण? तुमच्या नात्यातली का? एवढी मोठी झाली तरी शिकतेच आहे?’ आईने कपाळाला हात लावला. त्या दिवसापासून आई सरलेला ‘माझी वहिनी’ म्हणायची. मामाला त्यातला टोमणा कळायचा नाही. त्याला वाटायचं, आईनेही सरला घरची मानली.

आता माझ्या नातीच्या मोबाइलवर एक ॲप आहे, ते तिला कोरियन शिकवतं. एक शब्द बरोबर आला की चांदण्या उडतात. ‘आजी, देख ना, मेरा स्ट्रीक टूट जाएगा’ म्हणत ती जेवताना बोट फिरवत असते. दोन वर्षं फिरवतेय, अजून कोरियनमध्ये पाणी मागता येत नाही. मी काही बोलत नाही. आमच्या ओटीवर चांदण्या उडत नव्हत्या, पण फळ तेच होतं.

वर्ग शुक्रवारी दुपारी भरायचा, कारण शुक्रवारी मामाची कंपनी बंद. आईचा शुक्रवारचा उपवास, त्यामुळे घरात आंबट वर्ज्य आणि वर्गाला प्रसाद म्हणून गूळ-फुटाणे. मला खात्री आहे, निम्मी मंडळी त्या फुटाण्यांसाठीच यायची. मामा स्वतः ‘उच्च सरला’ शिकवणार, म्हणजे जो वर्ग कधी भरलाच नाही तो. नवशिक्यांना शिकवायला त्याने मला बसवलं. मी बारावीला होते. त्याचं म्हणणं, भाषा इतकी सोपी आहे की पोरीसोरींनीही शिकवावी. मी नाही म्हटलं असतं, पण वर्ग घेतला की मला दुपारची भांडी माफ होती.

अंक सोपे होते, एवढं मी कबूल करते. बाराखडी सगळ्यांना येते म्हणून मामाने अक्षरांनाच अंक केलं होतं. एक म्हणजे का, दोन खा, तीन गा, चार घा, ङ सोडून द्यायचा, मग चा, छा, जा, झा, ञ सोडायचा, नऊ म्हणजे टा आणि शून्य ठा. त्याला दि जोडला की दिवस, मा जोडला की महिना, सा जोडला की साल. महिन्यांना नावं नाहीत, वारांनाही नाहीत, कारण नाव आलं की धर्म आला आणि धर्म आला की भांडण आलं. ऐकायला भारी वाटतं. म्हणून बघा. सातवा महिना म्हणजे जामा. बारावा दिवस म्हणजे काखादि. बारा जुलै सांगायची तर माणसाने सभ्यपणे म्हणायचं, ‘जामा काखादि.’ वर्गात दोन कॉलेजकुमार होते, उल्हासनगरच्या कुठल्याशा कॉलेजातले. मुलींना गुपचूप चिठ्ठ्या लिहिता येतील म्हणून ते सरला शिकत होते. त्या दोघांनी ‘जामा काखादि’ ऐकलं आणि ते जमिनीवर लोळले. मामा खाटेवरून गंभीरपणे म्हणाला, ‘हसू नका. पन्नास वर्षांनी पोरं याला हसणार नाहीत.’ तेवढं खरं ठरलं. कोणी हसत नाही.

आणि तारखेचा धडा म्हणजे मामाचा जीव की प्राण. मराठी माणूस विचारतो, ‘आज किती तारीख?’ मामाला त्या ‘किती’चा राग यायचा. ‘तारीख काय वांगी आहेत, किती म्हणून विचारायला?’ पण त्याचा खरा दावा ‘परवा’वर होता. मराठीत कालच्या आधी गेला तो परवा आणि उद्यानंतर येईल तोही परवाच. नुसतं ‘परवा’ म्हटलं तर समोरच्याने मागे बघायचं की पुढे? मामा हा प्रश्न पहिल्या धड्यातच वर्गाला विचारायचा आणि वर्ग गप्प बसला की त्याचे डोळे चमकायचे. सरलेत आज म्हणजे ठादि, शून्य दिवस. तिथून मोजत जायचं. गेलेला असेल तर शेवटी गे, येणारा असेल तर शेवटी ये. काल कादिगे, उद्या कादिये. गेलेला परवा खादिगे, येणारा परवा खादिये. ‘झाली ना भानगड साफ?’ असं मामा अशा थाटात विचारायचा की जणू त्याने कोणाच्या तरी घरातला गळका नळ दुरुस्त केलाय. मी दर शुक्रवारी खडूने एका बाजूला गे आणि एका बाजूला ये लिहायचे, मधे ठादि, आणि एकेकाला उठवून विचारायचे, तुझी आई गावाहून कधी आली, तुझी परीक्षा कधी आहे. लोक हमखास चुकायचे. महिना आधी, की दिवस आधी, शून्यासाठी ठा की टा. गे आणि ये मात्र कोणी चुकलं नाही. माणसाला काय होऊन गेलंय आणि काय यायचंय हे न शिकवताही कळतं, मामाला एवढं साधं लक्षात आलं नाही.

वर्गातला सगळ्यात ढ विद्यार्थी म्हणजे लछमनदास शेठ. उल्हासनगरच्या कॅम्पात त्यांचं मिठाई-पापडाचं दुकान. उद्या सगळं जग सरलेत व्यवहार करील, या मामाच्या थापेला भुलून आलेला हा एकटा माणूस. येताना पापडांचं बोचकं आणायचे, आईच्या हातात द्यायचे आणि ‘पहले पापड, पानी, फिर पढ़ाई’ म्हणत मांडी ठोकून बसायचे. त्यांना अंक यायचे नाहीत, महिने यायचे नाहीत, आणि गे-येची त्यांना मनापासून भीती वाटायची.

‘देखो बेटी,’ ते मला एकदा म्हणाले, ‘तुम्हारा तो परवाच दोनों तरफ़ का है. हमारा कल भी दोनों तरफ़ का. घरवाली पूछती है, मायके कब ले चलोगे? मैं बोलता हूँ, कल. ख़ुश हो जाती है. अब तुम्हारी सरला में बोलूँ कादिये, तो साईं, सच में जाना पड़ेगा ना!’

सगळे हसले. मामा हसला नाही, त्याने हात वर करून सांगितलं की शेठ नकळत भाषेचं मर्म बोलून गेले. मर्म त्याला कळलं असतं तर मी हे प्रकरण लिहिलंच नसतं.

कुसुमताई यायची सोनिवलीहून. आता सोनिवलीत मी स्वतः राहते, बाराव्या मजल्यावर, खाली पोहण्याचा हौद आहे आणि त्यात कोणी पोहत नाही. बिल्डरने इमारतीला जे नाव दिलंय त्याचा उच्चार वॉचमनलाही येत नाही. तेव्हा तिथे भातशेती होती आणि वालाचे मळे. कुसुमताई आगऱ्यांची मुलगी, बदलापुरात बालवाडीत शिकवायची. तिशीला आली तरी लग्न झालं नव्हतं. वडील लवकर गेले, धाकट्या भावंडांचं करता करता राहून गेलं. पहिल्यांदा ती आईकडे ब्लाउज टाकायला आली, ओटीवर वर्ग चालू होता म्हणून दाराशी थांबली, आणि थांबली ती दोन वर्षं. तिला सरला यायची. सगळ्या वर्गात खरोखर आलेली ती एकटी. मोसमाप्रमाणे पानात बांधून करवंदं, जांभळं आणायची, कधी वालाच्या शेंगा, आणि पुडी आईच्या नाही, मामाच्या हातात द्यायची. वर्ग सुटला की मामा तिला स्टेशनपर्यंत सोडायला जायचा. छत्री त्याच्या हातात, पिशवीही त्याच्या हातात, आणि दोघं रस्त्याने सरलेत बोलत जायची. रिक्षावाले वळून बघायचे. मामा परत आला की चेहरा असा असायचा की अण्णासुद्धा पेपरातून डोकं वर काढायचे.

आईला सगळं दिसत होतं. सुरुवातीला तिने जातीवरून तोंड वाकडं केलं, तेही फार नाही. मग म्हणाली, ‘करतोय तर करू दे बाबा. पोरगी गुणाची आहे. आणि निदान ही खाट तरी मोकळी होईल.’ कुसुमताईचा पाठचा भाऊ एकदा मुद्दाम येऊन गेला. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलला, आणि शेवटी सरळ विचारलं, ‘मामा, तुमचा काय इचार?’ मामा म्हणाला, ‘विचार चालू आहे,’ आणि त्याच्या हातात सरलेचा पहिला धडा ठेवला. भावाने तो कागद उलटसुलट करून पाहिला, घडी घातली, खिशात ठेवली आणि गेला. पुन्हा आला नाही. थोडक्यात, या लग्नाच्या आड कोणी येत नव्हतं. जात नाही, घर नाही, अण्णा नाहीत, आई नाही. आडवा होता तो एकटा मामा, आणि तोही कुठल्या तत्त्वासाठी नाही. त्याला फक्त कुठलीही गोष्ट आजची करायची नव्हती.

तो शुक्रवार आला. मी नेहमीसारखे फळ्यावर गे आणि ये लिहिले आणि सांगितलं की आज प्रत्येकाने स्वतःच्या घरचं, खरंखुरं असं एक वाक्य तारखेसह सांगायचं. कॉलेजकुमारांनी कुठल्या तरी पिक्चरचं सांगितलं. लछमनदास शेठ उठले, घाम पुसला, ‘कादि... कादि...’ करत राहिले आणि शेपटी न लावताच खाली बसले. मग कुसुमताई उठली. तिने त्या दिवशी करवंदं आणली नव्हती. पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला होता आणि ती फळ्याकडे न बघता खाटेकडे बघत होती. म्हणाली, ‘खादिये मि साखरपुडा सि.’

आतलं मशीन थांबलं.

मि म्हणजे माझा, सि म्हणजे आहे. नवशिक्यालाही कळेल असं वाक्य. येणाऱ्या परवा माझा साखरपुडा आहे. मी मामाकडे पाहिलं. मामा खाटेवर ताडकन उठून बसला, त्याचा चेहरा खुलला होता, आणि क्षणभर, अगदी क्षणभर मला वाटलं की आता हा माणूस काहीतरी बोलणार.

‘अचूक!’ मामा म्हणाला. ‘प्रत्यय अचूक! बघा, ऐका सगळ्यांनी. मराठीत हिने म्हटलं असतं, परवा साखरपुडा. झाला की व्हायचाय? पत्ता नाही! आणि सरलेत? एका अक्षराने सगळं स्वच्छ! चला, सगळ्यांनी म्हणा माझ्यामागून. खादिये मि साखरपुडा सि.’

आणि सगळे म्हणाले. ते दोन उंडगे माना हलवत म्हणाले, येणाऱ्या परवा माझा साखरपुडा आहे. मामाने हाताने ताल धरला होता. पुन्हा म्हणा. त्यांनी पुन्हा म्हटलं. कुसुमताई उभीच होती. एकटे लछमनदास शेठ म्हणत नव्हते. ते तिच्याकडे बघत होते, आणि कोरस संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, ‘कुसुमबेन, सच्ची? परसों?’ तिने मान हलवली. शेठनी हात जोडले. म्हणाले, ‘मुबारक हो, बेन.’ ज्याला दोन वर्षांत एक तारीख सांगता आली नाही, त्या माणसाने ते वाक्य ऐकलं होतं.

‘फक्त एक गोष्ट,’ मामा बोट वर करून म्हणाला, ‘साखरपुडा हा शब्द सरलेत नाही. तो मराठी झाला. त्याला शब्द काढावा लागेल.’ आणि खाटेखालून त्याने शब्दकोश ओढला.

वर्ग सुटला. कुसुमताईने चपला घातल्या, छत्री घेतली आणि ओटीच्या पायरीशी थांबली. दर शुक्रवारी थांबायची तशीच. मामा पानं उलटत होता. मी खाकरले. आईने आतून भांडं आपटलं. मामाने वर न बघता सांगितलं, ‘विजे, कुसुमला जरा सोडून ये स्टेशनपर्यंत. मला हे आत्ता डोक्यात आहे तोवर बघू दे.’

मी गेले तिच्याबरोबर. भाजीबाजार ओलांडला. स्टेशनच्या जिन्यापाशी थांबून ती म्हणाली, ‘बाय, माजं काय चुकलं का?’

‘नाही, कुसुमताई. बरोबर होतं.’

‘नाय, मना वाटलं मी चुकीचा बोललू. म्हणून इचारलं.’ मग छत्री काखेत घेतली आणि जिना चढून गेली.

घरी आले ती तणतणतच. मी कोणाशी वाटेल तसं बोलणारी मुलगी नव्हते, पण त्या दिवशी मामासमोर जाऊन उभी राहिले आणि विचारलं, ‘ती काय म्हणाली ते कळलं का तुला?’

‘कळलं की. खादिये. येणारा परवा.’

‘मग? रविवार आहे तो. अजून दोन दिवस आहेत.’

मामाने शब्दकोशात बोट ठेवून तो मिटला. पान हरवू नये म्हणून बोट त्याने आतच धरून ठेवलं होतं, ते मी पाहिलं, आणि मला त्याची दया आली नाही. आजही येत नाही. ‘विजे,’ तो म्हणाला, ‘अगं, उदाहरण होतं ते. व्याकरणातलं उदाहरण. उदाहरणातली माणसं खरी नसतात.’

आई दारात आली. तिच्या हातात कुसुमताईने टाकलेला शेंदरी खणाचा ब्लाउज होता, हूक लावायचे राहिलेला. तो तिने मामाच्या शब्दकोशावर टाकला.

‘आणि हे काय आहे रे?’ आई म्हणाली. ‘हेपण उदाहरणच शिवतेय का मी आठवडाभर?’

मामाने ब्लाउजला हात लावला नाही. मग म्हणाला, ‘आधीच सांगायचं होतं तिने. मराठीत सांगायचं.’ हे वाक्य जगात ज्या एका माणसाने म्हणू नये, नेमकं त्यानेच म्हटलं. आईने ब्लाउज उचलला आणि आत जाऊन मशीन सुरू केलं.

शनिवारी मामा कंपनीत गेला आणि ब्लाउज सोनिवलीला गेला. रविवारी मी आणि आई सोनिवलीला निघालो तेव्हा तो खाटेवर कागद पसरून बसला होता. आईने दारातून विचारलं, ‘येतोयस?’ तो म्हणाला, ‘तुम्ही व्हा पुढे.’ पाठीमागून येण्यासारखं काही राहिलंच नव्हतं.

अंगणात मांडव होता. वडे तळल्याचा वास गावाच्या वेशीपर्यंत येत होता. नवरा मुलगा वांगणीकडचा, रेल्वेत नोकरीला, बुटका आणि हसरा. आल्यागेल्याला स्वतः पाणी देत होता. तो मला आवडला, आणि त्याचाही मला राग आला. आम्ही आत गेलो तर कुसुमताई शेंदरी ब्लाउज घालून पाटावर बसली होती, बायकांच्या गराड्यात. आईने तिची ओटी भरली. कुसुमताईने आमच्या पाठीमागे दाराकडे पाहिलं.

‘मामा नाय आले?’

‘नाही.’

‘काय करतात?’

मला खोटं बोलता आलं असतं. तब्येत बरी नाही म्हणता आलं असतं. ‘शब्द शोधतोय,’ मी म्हटलं.

‘कनचा शब्द?’

‘साखरपुड्याला.’

कुसुमताई हसायला लागली. तोंडावर पदर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. भोवतालच्या बायका तिला विचारू लागल्या, काय झालं, आम्हाला पण सांग. तिला ते कोणालाच सांगता येईना. मग डोळे पुसले आणि मला म्हणाली, ‘गावला का पण?’

‘अजून नाही.’

‘गावंल,’ ती म्हणाली. ‘हुशार हायत ते.’

संध्याकाळी आम्ही घरी आलो तेव्हा शब्द सापडलेला होता. ‘जुळि,’ मामा म्हणाला. ‘जुळण्यावरून. छान आहे ना?’ आई म्हणाली, ‘जुळी म्हणजे एका वेळची दोन पोरं. तुझं तर एकही नाही.’ आणि तिने त्याचं ताट वाढलं. वडे बांधून आणले होते, तेही वाढले. मामाने ते खाल्ले. पोटभर खाल्ले. त्या माणसाबद्दल माझं मत तिथे कायमचं झालं आणि पुढे त्याने ते बदलण्यासारखं काही केलं नाही.

वर्ग बंद पडला असं तुम्हाला वाटेल. नाही पडला. मामाने नवे नवशिके जमवले, असले रिकामटेकडे आपल्याकडे कधी कमी पडत नाहीत. मी भांडी पत्करली पण फळा सोडला, म्हणून तो स्वतःच शिकवू लागला. आणि तारखेच्या धड्याला उदाहरण कोणतं? ‘खादिये मि जुळि सि.’ वर्षानुवर्षं, दर शुक्रवारी. आतल्या खोलीत मी कॉलेजचा अभ्यास करत असायचे, पुढे लग्न होऊन माहेरी आले तर मुलाला निजवत असायचे, आणि बाहेर ओटीवर सगळा वर्ग एका सुरात सांगत असायचा की येणाऱ्या परवा माझा साखरपुडा आहे. त्यांच्यातल्या एकालाही ठाऊक नव्हतं की हे वाक्य कोणाचं आहे. तो परवा काही आला नाही. दर आठवड्याला तो दोन दिवसांवरच असायचा, आणि मला आता वाटतं, मामाला तो तिथेच हवा होता.

घर पडलं, तिथे इमारत झाली. आई गेली, अण्णा गेले. मामा त्याच इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत एकटा राहायचा. मी महिन्यातून एकदा डबा घेऊन जायचे. तो सरलेत काहीतरी विचारायचा, मी मराठीत उत्तर द्यायचे. शेवटपर्यंत मी त्याला तेवढंही दिलं नाही.

मागच्या आठवड्यात मी खाली भाजी घ्यायला उतरले होते. मी सुतक-बितक पाळत नाही, आणि पाळलं तरी भाजी लागतेच. गाडीपाशी एक म्हातारी कोथिंबिरीच्या जुड्या हुंगून हुंगून परत ठेवत होती. भाजीवाला वैतागला होता. जुडी नाकाशी धरायची ती पद्धत मी ओळखली. कुसुमताई. नवरा रेल्वेतून निवृत्त झाल्यावर ती दोघं इकडेच, भावाच्या जागेवर उठलेल्या इमारतीत राहायला आलीत, म्हणजे माझ्या समोरच्या इमारतीत. दोन वर्षं आम्ही एकाच गाडीवरून भाजी घेत होतो.

तिने माझा हात धरला. मुलांची, नातवंडांची चौकशी केली. तिच्या तीन नाती आहेत, एक डॉक्टर होतेय. मग जुडी हातात फिरवत तिने विचारलं, ‘नि मामा? मामा कसं हायत?’

‘मामा गेला, कुसुमताई.’

‘कवा?’

‘परवा,’ मी म्हटलं.

तिने जुडी खाली ठेवली. भाजीवाला हिंदीत काहीतरी विचारत होता, लेना है क्या मौसी, तिचं लक्ष नव्हतं. ओठ हलत होते, अंक आठवत असावी. मग मान वर करून, एकेक अक्षर सुटं करून, वर्गात उभं राहून म्हणायची तसं तिने म्हटलं, ‘खादिगे.’

मी जुडी उचलून तिच्या हातात दिली.

‘बराबर लावला ना?’ तिने विचारलं. ‘परत्यय?’

‘अचूक,’ मी म्हटलं.